पाथरीचे बहिरी व फिरंग्यांचा निजामलुको

परभणी जिल्ह्यांतील पाथरी हें आज एक तालुक्याचें गांव आहे. गोदावरीच्या उत्तर अंगास वसलेल्या या गांवाचें नांव सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अहमदनगर, एलिचपूर, बेदर, गोवळकोंडें व अहमदाबाद इतक्या दरबारांत घेतलें जात होतें. त्याचें कारण तेथील बाजारपेठ नव्हे व एखादा अभेद्य दुर्गही नव्हे. तें कारण होतें एक कुलकर्णाचें वतन. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचा मूळपुरुष याच वतनदारांच्या कुळांतील होता असें फिरिश्ता या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. आणि त्या मूळपुरुषास जें ‘बहिरी’ हें उपनाम पडलें, त्याचाही उलगडा त्यानेंच केला आहे. या उपनामाची व्युत्पत्ति कोणती, तें पाथरीच्या कुळाशीं कितपत जोडतां येतें, आणि त्याच घराण्यास पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीज लोक निराळ्याच नांवानें कां ओळखीत, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आडनांव ही वस्तु वरून क्षुल्लक दिसते. परंतु ज्यांनीं जुनीं दफ्तरें चाळलीं आहेत त्यांस हें सांगणें नको कीं, राजाची पदवी दुसरा राजा देतो व काढूनही घेतो, आडनांव मात्र लोकांच्या तोंडीं राहतें आणि त्यांत मूळ ठाव बहुधा लपलेला असतो. फिरंग्यांचेंच एक उदाहरण घेऊं. इ. स. १५०८ सालीं चौलच्या खाडींत मिसरच्या आरमाराशीं लढतांना लोरेंसो द आल्मैद हा तरुण सरदार पडला. हा हिंदुस्थानांतील पोर्तुगिजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मैद याचा मुलगा. त्यांचें ‘आल्मैद’ हें उपनाम पोर्तुगालच्या सरहद्दीवरील त्याच नांवाच्या गांवावरून आलेलें आहे. म्हणजे आपल्याकडील ‘पाथरीकर’ किंवा ‘जिंतूरकर’ यांच्याच जातीचें तें नांव होय. त्या गांवाच्या नांवाचें मूळ ‘अल-माइदा’ या मेज अशा अर्थाच्या अरबी शब्दांत आहे असें सामान्यतः सांगतात. पोर्तुगालवर मुसलमानी अंमल होता त्या काळाची खूण, मुसलमानांशीं समुद्रावर झुंजणाऱ्या या कट्टर ख्रिस्ती घराण्यानें स्वतःच्या नांवांत अशी बाळगली होती. पुढें हीच आडनांवें वसई प्रांतांत व गोव्यांत बाप्तिस्म्याच्या वेळीं पाद्री किंवा धर्मपिता यांच्याकडून आपल्या लोकांस मिळालीं, आणि परेरा, आल्मेडा, डिमेलो अशा रूपांनीं तीं आज मराठी बोलणाऱ्या घरांतून नांदत आहेत. धर्मांतर झालें म्हणजे जुनें नांव जाऊन नवें येतें, असा अनुभव या घराण्यांवरून आपणांस येतो. पाथरीच्या कुळाची कथा याच्या अगदीं उलट आहे, आणि म्हणूनच ती विचार करण्याजोगी आहे.

प्रथम फिरंग्यांच्या नांवाचा प्रश्न संपवूं. पोर्तुगीज बखरकार व पत्रलेखक अहमदनगरच्या राजास ‘निजामलुको’ म्हणतात. गास्पार कोर्रैया हा तर ‘इझाम मालुको’ असें लिहितो. त्यांनीं विजापूरच्या आदिलखानास ‘इदालकांव’, गोवळकोंड्याच्या कुत्बुल्मुल्कास ‘कोतामलुको’ व वऱ्हाडच्या इमादुल्मुल्कास ‘माद्रेमलुको’ केलें. ‘माद्रे’ म्हणजे त्यांच्या भाषेंत आई. इमाद या शब्दाचा त्यांच्या कानांत आई कसा झाला हें कोणाही मराठी वाचकास समजेल; अनोळखी शब्द आला म्हणजे कान आपल्या ओळखीच्या शब्दाकडे धांव घेतो. गार्सिया द ओर्ता हा विद्वान वैद्य बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं जात येत असे, आणि त्याचा औषधींवरील संवादग्रंथ इ. स. १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यानें या पदव्यांचे अर्थ देण्याचा यत्न केला आहे. परंतु ‘निजाम’ या शब्दांत त्यास ‘नेजा’ म्हणजे भाला ऐकूं आला आणि ‘निजामलुको’ म्हणजे राज्याचा भाला असा अर्थ त्यानें लाविला. खरा अर्थ राज्याची व्यवस्था लावणारा असा आहे. इतका जवळचा व इतका चौकस मनुष्यही केवळ कानावर विसंबल्यामुळें फसला, हें ध्यानांत ठेवणें पुढील विवेचनास उपयोगी पडेल.

तात्पर्य, फिरंग्यांनीं जपून ठेविली ती पदवी. निजामुल्मुल्क ही बहमनी सुलतानांनीं दिलेली पदवी होती. ती मलिक हसन यास मिळाली व त्याच्या मागून त्याचा मुलगा मलिक अहमद यानें ती धारण केली. इ. स. १४९० मध्यें बहमनी फौजेचा पराभव करून अहमद स्वतंत्र झाला, त्यानें अहमदनगर वसविलें, आणि पदवीची शाही झाली. पण या पितापुत्रांचें खरें उपनाम ‘बहिरी’ हेंच होय. फारशी ग्रंथांतून मलिक हसन बहरी व अहमद निजामशाह बहरी असा त्यांचा उल्लेख येतो. तेव्हां कुळाचा शोध करावयाचा तो या शब्दांतून केला पाहिजे.

फिरिश्त्याची हकीकत थोडक्यांत अशी आहे. मलिक हसन हा जन्मानें विजयानगरच्या मुलखांतील ब्राह्मण. त्याचें नांव तिमापा किंवा तिमाभट व त्याच्या बापाचें नांव भैरव अथवा बहिरव. अहमदशाह बहमनीच्या फौजेनें त्यास बालपणीं पकडून आणिलें, मुसलमान केलें व हसन असें नांव ठेविलें. मुलगा बुद्धिमान दिसल्यावरून त्यास शाहजादा महंमद याच्या सोबतीस दिलें, आणि तेथें तो फारशी व अरबी विद्येंत प्रवीण झाला. बापाच्या नांवावरून लोक त्यास हसन बहिरव म्हणत. परंतु शाहजाद्याच्या जिभेस तो शब्द नीट वळेना, म्हणून तो ‘बहरी’ म्हणे, आणि तेंच नांव पुढें रूढ झालें. हा हसन पुढें तेलंगणाचा सुभेदार झाला. इ. स. १४८१ मध्यें महमूद गावान याचा जो अन्यायानें वध झाला, त्या कारस्थानांतील मुख्य पुरुषांमध्यें त्याची गणना होते. आणि पांच वर्षांनीं बेदर येथें त्याचाही तसाच घात झाला.

‘बहरी’ या शब्दाचा दुसराही अर्थ लाविला जातो. अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र, व ‘बहरी’ म्हणजे समुद्राचा. शिकारी ससाण्याच्या एका जातीसही हेंच नांव आहे, व मराठींतही आपण तिला बहिरी ससाणा म्हणतों. मलिक हसनाचा संबंध सुलतानाच्या शिकारखान्याशीं जोडून हें उपनाम ससाण्यावरून पडलें असें मानणारे लोक आहेत. दरबारी कवीस व मुनशीस हा अर्थ अधिक रुचला असला तर नवल नाहीं. राजकुळाच्या नांवांत ब्राह्मण कुलकर्ण्यापेक्षां शिकारी पक्षी असणें केव्हांही शोभिवंत. परंतु शोभा हें व्युत्पत्तीचें प्रमाण नव्हे.

आमच्या मतें भैरवापासून बहिरी ही व्युत्पत्तिच ग्राह्य आहे. तिच्यासाठीं शाहजाद्याच्या बोबड्या बोलाचा आधार घेण्याचेंही वस्तुतः कारण नाहीं, कारण हा फरक मराठी जीभ आपण होऊन करिते. संस्कृत भैरव याचें मराठींत बहिरव, बहिरोबा, बहिरी व कोंकणांत भैरी अशीं रूपें झालेलीं आहेत. कर्जताजवळील ढाकच्या डोंगरांतील कपारीचा देव ‘बहिरी’ याच नांवानें पुजला जातो. भागवताच्या दशमस्कंधावर टीका लिहिणारा बहिरा जातवेद, शिवकालांतील बहिरजी नाईक, पेशवेपदावर असलेले बहिरोपंत पिंगळे, या सर्वांच्या नांवांत तोच भैरव आहे. महाप्राण भकारांतील हकार सुटून पुढें जाणें हा आपल्या भाषेचा नित्याचा व्यवहार होय. म्हणून फिरिश्त्याच्या कथेंतील शाहजादा गाळला तरी व्युत्पत्ति अबाधित राहते. घरांत बहिरव किंवा बहिरी म्हणून ज्याचें नांव होतें त्याच्या मुलास लोकांनीं ‘हसन बहिरी’ म्हणावें, आणि फारशी लिहिणारानें आपल्या ओळखीच्या ‘बहरी’ या शब्दाप्रमाणें तें नांव लिहावें, इतकेंच यांत घडलें असावें. ओर्ता याच्या कानांत जसा निजामाचा नेजा झाला, तसाच मुनशीच्या लेखणींत भैरवाचा ससाणा झाला. फरक इतकाच कीं येथें लेखन जवळजवळ तेंच राहिलें व अर्थ मात्र पालटला.

आतां या हकीकतींतील एक अडचण सांगितली पाहिजे. बहमनी वंशांत अहमदशाह या नांवाचे दोन सुलतान झाले: एक बेदर राजधानी करणारा अहमदशाह वली (इ. स. १४२२-१४३६), व दुसरा त्याचा मुलगा अलाउद्दीन अहमदशाह (इ. स. १४३६-१४५८). महंमद नांवाचा जो शाहजादा पुढें तख्तावर बसला व ज्यानें हसनास वर चढविलें, तो महंमदशाह लष्करी इ. स. १४६३ सालीं गादीवर आला तेव्हां अवघा नऊदहा वर्षांचा होता. पहिल्या अहमदशाहाच्या कारकीर्दींत पकडलेला मुलगा त्याचा बालसोबती होऊं शकत नाहीं. तो त्या वेळीं तिशीच्या घरांत किंवा पुढें गेलेला असणार. उलट दुसऱ्या अहमदशाहाचें विजयानगरच्या देवरायाशीं इ. स. १४४३ च्या सुमारास जें युद्ध झालें त्यांत हें बालक सांपडलें असें मानल्यास सर्व गोष्टी जुळतात. मग हसन हा शाहजाद्याचा समवयस्क ठरत नाहीं, तर दहाबारा वर्षांनीं वडील असा सोबती ठरतो. आणि ज्याच्या जिभेस ‘बहिरव’ वळेना तो दोनतीन वर्षांचा बाळ असल्यास तेंही स्वाभाविक होतें. फिरिश्त्यानें दोन अहमदशाहांची गल्लत केली असावी असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच वाचकांनीं घ्यावा. मात्र त्यानें मूळ हकीकतीस बाध न येतां उलट बळकटीच येते.

फिरिश्त्याविरुद्ध एक भारी साक्षीदार उभा आहे. ‘बुऱ्हाने मआसिर’ या ग्रंथाचा कर्ता सय्यद अली तबातबा हा दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचा (इ. स. १५९१-१५९५) आश्रित. त्याच्या सांगण्याप्रमाणें अहमद निजामशाह हा मलिक हसनाचा औरस पुत्र नसून बहमनी सुलतानाचाच पुत्र होता. सुलतानानें आपली एक दासी हसनास दिली व तिच्या पोटीं तो झाला. ही कथा खरी मानली तर पाथरीचें कुळ, भैरव व बहिरी हें सर्व निजामशाही वंशापुरतें निकालांत निघतें. परंतु हा ग्रंथ धन्याच्या आज्ञेनें लिहिलेला आहे, आणि धन्याच्या वंशास बहमनी रक्ताचा वारसा जोडून देणें हा त्यांतील उघड लाभ आहे. मोठ्या घराण्याच्या मूळपुरुषास त्याहून मोठ्या घराण्याचा गुप्त पुत्र ठरविण्याची चाल सर्व देशांतील भाटांस ठाऊक आहे. फिरिश्त्याचें तसें नाहीं. त्याचा बाप अहमदनगरास शाहजाद्याचा शिक्षक होता, तो स्वतः तरुणपणीं त्याच दरबारीं वाढला, व इ. स. १५८९ मध्यें विजापुरास जाऊन त्यानें आपला इतिहास लिहिला. म्हणजे माहिती घरांतली व लेखणी घराबाहेरची. परक्या दरबारांत बसून त्यानें निजामशहास हिणविण्यासाठीं ही कथा रचली असेल असा संशय कोणी घेईल. परंतु तसें असतें तर पुढील पाथरीच्या युद्धाची हकीकत, जींत निजामशहा आपल्या भाऊबंदांस स्वतः ओळख देतो, त्यानें दिली नसती.

ती हकीकत आतां पाहूं. अहमद निजामशहाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा बुऱ्हाण हा सात वर्षांचा असतांना गादीवर बसला व कारभार मुकम्मलखान पाहूं लागला. निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते व त्यांपैकीं एक पुरुष कांहीं कारणानें देश सोडून विजयानगराकडे गेला होता, असें फिरिश्ता म्हणतो. हसनाचा वंश राज्यपदास चढल्याचें कळल्यावर पाथरीचे भाऊबंद अहमदनगरास आले. त्या वेळीं पाथरी परगणा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होता. वडिलार्जित ठिकाण आपल्याकडे असावें म्हणून मुकम्मलखानानें अलाउद्दीन इमादशहास लिहिलें कीं, पाथरी आम्हांस द्यावी व तिच्या मोबदल्यांत अधिक उत्पन्नाचा दुसरा परगणा घ्यावा. इमादशहानें तें मानलें नाहीं. इतकेंच नव्हे तर पाथरीस किल्ला बांधण्यास आरंभ केला. इ. स. १५१८ सालीं बुऱ्हाण निजामशाह दौलताबाद व वेरूळ पाहण्याच्या मिषानें निघाला, अकस्मात् पाथरीवर चालून गेला व किल्ला सर केला. तेथें त्यानें मिया महंमद घोरी यास कामिलखान हा किताब देऊन ठेविलें.

येथें एक विलक्षण योग दिसतो. इमादशाही घराण्याचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयानगरच्या मुलखांतून बालपणीं धरून आणलेला, जन्मानें हिंदु असलेला पुरुष होता. म्हणजे एका कानडी मुलखांतून पकडून आणलेल्या दोन मुलांचे वंशज मराठी मुलखांतील एका कुलकर्णासाठीं समरांगणांत उतरले. दोघांच्याही पूर्वजांचीं मूळ नांवें पुसण्याचा यत्न झाला होता. पैकीं एकाच्या नांवांतील बाप कायम राहिला, व त्या बापाच्या गांवावरून हें भांडण जुंपलें.

पुढें गोवळकोंड्याच्या कुलीकुत्बशहाचें साहाय्य घेऊन इमादशहानें पाथरी परत घेतली. तेव्हां बुऱ्हाण निजामशहानें बेदरच्या अमीर बरीदास बरोबर घेऊन इ. स. १५२७ मध्यें ती दुसऱ्यांदा काबीज केली. या खेपेस त्यानें किल्ला जमीनदोस्त केला आणि तो सबंध परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस इनाम करून दिला. अकबर बादशहाच्या काळापर्यंत तो त्यांच्या वंशांत चालला असें फिरिश्ता लिहितो. तेथून निजामशाह माहूर घेऊन एलिचपुराकडे वळला. इमादशाह खानदेशांत पळाला व अखेरीस त्यानें गुजराथच्या बहादूरशहास बोलाविलें. बहादूरशाह दक्षिणेंत उतरला तेव्हां निजामशहास त्याच्या नांवानें खुतबा वाचविण्यापर्यंत नमावें लागलें. याच धामधुमींत त्यानें कंवरसेन नांवाच्या ब्राह्मणास आपला पेशवा नेमिलें, ही गोष्टही लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या बहादूरशहास पाथरीच्या भांडणानें दक्षिणेंत आणिलें, त्यानेंच इ. स. १५३४ मध्यें वसई पोर्तुगिजांस लिहून दिली. तोंपर्यंत चौलासही त्यांचा कोट उभा राहिला होता. त्याची परवानगी इ. स. १५२१ मध्यें खुद्द बुऱ्हाण निजामशहानेंच दिली होती. पश्चिमेस समुद्रकांठीं परक्यांस कोट बांधूं द्यावा, आणि पूर्वेस गोदाकांठीं स्वतः जिंकलेला कोट पाडून जमीन भाऊबंदांस द्यावी, हीं दोन्ही कामें एकाच राजानें सहा वर्षांच्या अंतरानें केलीं.

आतां या पुराव्याचें वजन किती, तें निःपक्षपातानें पाहिलें पाहिजे. प्रतिपक्षी म्हणेल कीं, पाथरी ही सरहद्दीवरची जागा होती. तेथें शत्रूचा किल्ला होणें निजामशहास धोक्याचें होतें. म्हणून युद्धाचें खरें कारण किल्ला, व कुळाची कथा हें निमित्त. यांत तथ्य आहे. पहिल्या खेपेस त्यानें किल्ला राखून ठाणें बसविलें, हें याच दृष्टीस अनुकूल आहे. शिवाय राज्यपदास चढलेल्या पुरुषाकडे वतनदारांनीं ‘आपण एकाच कुळांतले’ म्हणून यावें, यांतही स्वार्थ उघड आहे. बालपणींच धरून नेलेल्या हसनास आपल्या पणज्याचें गांव ठाऊक असण्याचा संभव थोडा. तेव्हां नात्याची आठवण राजाकडून गांवाकडे आली नाहीं, ती गांवाकडून राजाकडे गेली. हें सर्व मान्य करूनही तीन गोष्टी उरतात. एक, ‘बहिरी’ हें उपनाम मलिक हसनाचें, म्हणजे पंधराव्या शतकांतील आहे. पाथरीच्या भांडणापूर्वीं तें निदान एक पिढी अगोदर रूढ होतें, व त्यामुळें तें या भांडणासाठीं रचलेलें नव्हे. दोन, मुलाचें नांव तिमापा. हें तिरुपतीच्या देवाचें कानडी-तेलुगु वळणाचें नांव आहे. बापाचें नांव भैरव व मुलाचें तिमापा, ही जोडी देशावरून कर्नाटकांत जाऊन तेथें रुळलेल्या घरास साजेशी आहे. तीन, वतनदारांची स्मृति स्वार्थी असते हें खरें. पण स्वार्थी असते म्हणूनच ती दीर्घ असते. गेलेल्या भावाची तक्षीम कोणाकडे राहिली हें कुलकर्ण्याचें घर तीन पिढ्या विसरत नाहीं.

म्हणून आमचा निष्कर्ष पायरीपायरीनें सांगतों. निजामशाही घराण्याचा मूळपुरुष जन्मानें हिंदु होता, हें जवळजवळ निश्चित. ‘बहिरी’ हें त्याच्या बापाच्या भैरव या नांवाचें मराठी रूप होय, हें अत्यंत संभवनीय. तो बाप पाथरीच्याच कुलकर्णी कुळांतील, हें फिरिश्त्याच्या एकट्याच्या साक्षीवर उभें आहे. मात्र त्या साक्षीस निजामशहाच्या इनामाची जोड आहे, आणि खोट्या नात्यासाठीं कोणी राजा सबंध परगण्याचा वसूल सहसा सोडीत नाहीं. नातें रक्ताचें होतें कीं मानलेलें होतें हा वाद राहिला तरी, मुसलमान झालेल्या घराण्याचा तिसरा पुरुष ब्राह्मणांस भरदरबारीं भाऊबंद म्हणतो, ही गोष्ट निर्विवाद म्हणतां येईल.

ज्या काळीं हीं युद्धें झालीं त्या काळची पाथरी म्हणजे नुसतें सरहद्दीवरील ठाणें नव्हे, हेंही वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. ‘सिद्धांतसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ शके १४२५ (इ. स. १५०३) च्या सुमारास रचणारा ज्ञानराज हा गोदातीरावरील पार्थपूरचा राहणारा, आणि हें पार्थपूर म्हणजेच पाथरी असें विद्वान् मानतात. त्याचा मुलगा सूर्यदास यानें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर व लीलावतीवर टीका लिहिल्या, आणि उलटें वाचलें असतां कृष्णकथा व सुलटें वाचलें असतां रामकथा देणारें रामकृष्णविलोमकाव्य रचलें. बीजगणितावरील त्याची टीका शके १४६० ची, म्हणजे दुसऱ्या युद्धानंतर अवघ्या अकरा वर्षांनंतरची आहे. ज्या गांवांत दोनदां फौजा शिरल्या व ज्याचा कोट पाडला गेला, तेथील एक घर ग्रहगणित व बीजगणित करीतच होतें. परगणा ब्राह्मणांस इनाम मिळाल्याचा या विद्येस काय उपयोग झाला असेल, हा प्रश्न पुढील अभ्यासकांसाठीं ठेवण्यासारखा आहे.

इ. स. १५९६ मध्यें वऱ्हाड मोंगलांकडे गेलें आणि ‘आईने अकबरी’त पाथरी ही वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार म्हणून दाखल झाली. इ. स. १६३६ मध्यें निजामशाहीही संपली. पुढें हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे होता व इ. स. १९४८ मध्यें तें राज्य भारतांत विलीन झालें. मधल्या काळांत धनी पालटत गेले, पण कुलकर्ण्याचीं व देशपांड्यांचीं दफ्तरें घरांतल्या घरांत राहिलीं. आज वतनें गेलीं आहेत, आणि वतनाबरोबर कागद जपण्याचें कारणही गेलें आहे. म्हणूनच सर्वांत मोठा धोका आतांच आहे.

यासाठीं संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठ, गंगाखेड या टापूंतील जुनीं दफ्तरें पाहतांना शुहूर सनाकडे विशेष लक्ष द्यावें. इनामाचा कागद इ. स. १५२७ चा असल्यास त्यावर ‘सबा अशरीन तिसा मया’ अथवा ‘समान अशरीन तिसा मया’ असा काळ सांपडेल. पहिल्या युद्धाच्या वेळचा असल्यास ‘समान अशर’ किंवा ‘तिसा अशर तिसा मया’. शुहूर सनांत ५९९ मिळविले कीं मृगसालाच्या आरंभींचें इसवी वर्ष निघतें. मूळ सनद हातीं न आली तरी निराश होऊं नये. तक्षिमांच्या तंट्यांतील महजर, करीने, वंशावळी यांत जुन्या सनदांच्या नकला किंवा निदान त्यांचा उल्लेख असतो. वंशावळींत जर एखाद्या पुरुषापुढें ‘परागंदा’ किंवा ‘कर्नाटकांत गेला’ असा शेरा असेल व त्याच्या पुढील घर रिकामें असेल, तर तें रिकामें घर एखाद्या पूर्ण घराइतकेंच मोलाचें समजावें. कागद वाळवीनें खाल्लेला असला तरी टाकूं नये, शिवूं नये, व वरून नवीन शाईनें अक्षरें गिरवूं नयेत. आहे तसा ठेवून त्याची प्रत करावी.

निजामलुको या नांवानें फिरंग्यांनीं लिहिलेलीं पत्रें लिस्बन व गोवा येथील दफ्तरखान्यांत जपलीं गेलीं आहेत. बहिरी या नांवाचा पुरावा मिळावयाचा तर तो गोदाकांठच्या एखाद्या माळवदावरील बासनांतच मिळेल. त्या बासनाची गांठ वेळेवर सुटावी, इतकीच इच्छा आहे.